स्क्रूमागचं भोक

कारभाऱ्याच्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही. फाडलंही नाही. पुस्तकातली खूण म्हणून ते वापरत राहिलो. एक पुस्तक संपलं की पुढच्यात. एकदा ते वाचनालयाच्या पुस्तकात चुकून राहून गेलं, तेव्हा दोन बस बदलून परत आणायला गेलो. बायको म्हणाली, "एवढं जिवाला लागलंय तर उत्तर तरी लिहा. नाहीतर केराच्या टोपलीत टाका. हे काय मध्येच?" मला मध्येच राहायची सवय आहे, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

पत्र चार ओळींचं होतं. "खोडरबर, तू रागावलेला असणार. रागाव. पण एवढं सांग, स्क्रूच्या मागे तू जे भोक काढलं आहेस त्यात काय असतं? कुलपं आपोआप घट्ट होत जातात. पत्ता खाली आहे."

माफीचा शब्द नव्हता. कशी आहे तब्येत, एवढंही नव्हतं.

खोडरबर म्हणजे मी. हे नाव कारभाऱ्यानेच ठेवलेलं. आम्ही दोघं दारांच्या कड्या, बिजागऱ्या आणि विजेची कुलपं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात होतो. मी ड्रॉइंग काढायचो. तो कुलपं जुळवायचा आणि गिऱ्हाइकांच्या दारांना नेऊन बसवायचाही. मालकाचा राग शांत करण्यापासून चहावाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं तोच बघायचा, म्हणून कारभारी. मी एक रेघ काढून तीनदा पुसायचो. ज्या मापाबद्दल खात्री असेल ते मी शाईने लिहायचो. ज्याबद्दल शंका असेल ते पेन्सिलीने, इतकं फिकट की मलाही चष्मा पुसून वाचावं लागे. कारभारी म्हणायचा, "अरे, तुझं ड्रॉइंग वाचायला दिवा नाही, देव लागतो."

विजेचं कुलूप दारात नसतं, चौकटीत असतं. दाराच्या कुलपाची जीभ चौकटीच्या खाचेत शिरते आणि तिथे एक लोखंडी झडप तिला अडवून धरते. बटण दाबलं की आतली कॉइल गुणगुणते, झडप सुटते, दार उघडतं. ऐकायला सोपं आहे. पण झडप आणि जीभ यांच्यात केसाएवढी फट लागते. फट जास्त झाली तर दार वाऱ्याने खडखडतं. कमी झाली तर जीभ झडपेवर दाबून बसते, आणि मग कॉइल नुसतीच गुणगुणते. झडप काही सुटत नाही. दारं तर कधी स्वस्थ नसतात. लाकूड फुगतं, बिजागरी झिजते, दार लोंबतं. त्या काळी फट जुळवायची म्हणजे अख्खं कुलूप चौकटीतून उपसायचं, छिन्नीने लाकूड तासायचं, मागे पुठ्ठ्याचे तुकडे कोंबायचे आणि पुन्हा बसवायचं. बसलं नाही तर पुन्हा उपसायचं.

कारभारी संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्याच्या बोटांना पट्ट्या असायच्या.

"आज चार वेळा उपसलं," तो माझ्या टेबलावर बसून म्हणायचा. माझ्या कागदांवर बसतोय याचं त्याला काही नसायचं. "बाई म्हणते, मिस्त्री, तुम्ही कुलूप बसवताय की माझी चौकट खाताय?"

"मग काय म्हणालास?"

"म्हणालो, बाई, हे ज्याने काढलंय तो खुर्चीत बसून चहा पितोय. तू काढ की रे काहीतरी. दार उघडं ठेवून समोरून एक स्क्रू फिरवला की झालं, असं काहीतरी."

हे वाक्य त्याचं होतं, हे मला मान्य करावं लागेल. पुढची तीन वर्षं माझी होती. कारखाना सुटल्यावर मी तासभर बसायचो, रविवारी घरी बसायचो. समोरच्या पट्टीवर एक स्क्रू. तो फिरवला की आतली झडप तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकते, कुलूप चौकटीतून काढावं लागत नाही. शेवटी ते जमलं. एकच खोट राहिली. दार रोज आपटतं, आणि प्रत्येक आपटण्याबरोबर स्क्रू थोडासा, दिसणारही नाही इतका, घट्ट होण्याच्या बाजूला सरकतो. म्हणून मी स्क्रूचं भोक मागे थोडं खोल केलं आणि त्या जागेत एक बारीक स्प्रिंग घातली. ती स्क्रूला शेपटीकडून सतत रेटून धरते, मग तो आपणहून फिरत नाही. घरच्या बॉलपेनातली स्प्रिंग कापून मी ते करून पाहिलं होतं. पण एकाच कुलपावर, तेही आठवडाभर. भोकाबद्दल माझी खात्री होती, ते मी शाईने काढलं. स्प्रिंगबद्दल शंका होती, ती पेन्सिलीने काढली.

कागदाच्या कोपऱ्यात, ड्रॉइंग कोणी काढलं ते लिहायच्या चौकोनात, माझं नावही पेन्सिलीनेच लिहिलं होतं. काम पक्कं झालं की शाई फिरवू, म्हटलं.

त्याच आठवड्यात कारभारी म्हणाला, "दोन दिवस दे रे कागद. ओतकाम करणाऱ्याला दाखवतो, जमेल का विचारतो." मी दिला. तिसऱ्या दिवशी त्याने तो परत आणला, नीट गुंडाळी करून, वर रबर लावून. मला त्याचं कौतुक वाटलं. एरवी तो माझ्या कागदांवर बसायचा.

तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. सासऱ्यांच्या धंद्यात जातो म्हणाला. दीड वर्षाने मी एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेलो, तर काउंटरवर निळा खोका. "बसवायला सोपं, जुळवायला त्याहून सोपं." आत माझं कुलूप. माहितीपत्रकावर कारभाऱ्याचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की बोटांना जखमा होऊन होऊन एका मिस्त्रीला हे सुचलं. मी दुकानदाराला स्क्रू काढून दाखवायला सांगितलं. भोकात बोटाच्या टोकाने चाचपलं. भोक होतं, बरोबर माझ्या मापाचं. आत काही नव्हतं.

झेरॉक्सच्या यंत्राला माझी पेन्सिल दिसली नव्हती. माझी स्प्रिंगही नाही, माझं नावही नाही.

"खिळे किती देऊ?" दुकानदाराने दुसऱ्यांदा विचारलं. मी न घेताच घरी आलो.

कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, पण तेही अर्धंच. काय सांगणार? वाक्य त्याचं, बोटं त्याची, आणि कागदावर माझं नाव नाही. रात्री अंथरुणात मी स्वतःशी खटला चालवायचो, आणि दोन्ही बाजूंचा वकील मीच असल्यामुळे निकाल लागायचा नाही. मग काही वर्षांनी ते पत्र आलं. त्या चार ओळींतून एक गोष्ट मला स्पष्ट कळली: चोरलेला माल अपुरा निघाला, म्हणून तो उरलेला मागायला आलाय. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं. जगात एक गोष्ट अशी होती जी फक्त मला माहीत होती, आणि ती त्याला हवी होती. ही गोष्ट मी अकरा वर्षं पुस्तकांतून फिरवली.

गेल्या महिन्यात ताईच्या इमारतीतून फोन आला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. कारखान्याच्या दिवसांत कारभारीही दर भाऊबीजेला माझ्याबरोबर तिच्याकडे ओवाळून घ्यायला यायचा. भाऊजी गेल्यावर ती वयस्कर लोकांच्या एका इमारतीत राहायला गेली. तिथे चौसष्ट खोल्या आहेत आणि प्रत्येक दाराला विजेचं कुलूप. कोणी आत पडलं तर खालच्या टेबलावरून दार उघडता यावं म्हणून. आतून हँडल नाही, बटण आहे. त्या दिवशी ताईने बटण दाबलं, कुलूप गुणगुणलं, दार उघडलं नाही. खालून दाबलं, तरी नाही. तिला दमा आहे, आणि दम्याचा पंप खाली जेवणाच्या हॉलमध्ये राहिला होता. मिस्त्री येईपर्यंत एक तास पन्नास मिनिटं ती दाराशी खुर्ची ओढून बसून होती.

मी पोचलो तेव्हा पंप तिच्या मांडीवर होता आणि मिस्त्री दारापुढे गुडघ्यावर बसला होता. चाळिशीचा, काटकुळा, तोंडाने सतत चालू.

"आजोबा, जरा बाजूला. पायावर स्क्रूड्रायव्हर पडला तर मला बोलाल." त्याने स्क्रू अर्धा वळसा सैल केला. "झालं. आता चार महिने बघायला नको. मग पुन्हा आहेच. जाहिरातीत काय लिहिलंय? जुळवायला त्याहून सोपं! सोपं आहेच हो, म्हणून तर चौसष्ट दारं वर्षातून तीनदा जुळवतोय. माझ्या पोरीचं शिक्षण ह्या एका स्क्रूवर होणार बघा."

"बंद कसं नाही करत तुम्ही ते फिरणं?" मी विचारलं.

"सगळं करून झालं. डिंक लावला, रंग लावला. डिंक लावला तर पुढच्या वेळी स्क्रूच फिरत नाही." त्याने स्क्रू पूर्ण काढून माझ्यापुढे धरला. "आणि हे बघा गंमत. स्क्रू संपला तरी भोक संपत नाही. आम्ही ह्याला डासांची खोली म्हणतो. बनवणाऱ्याने आपल्याला त्रास दिला, पण डासांची सोय केली."

"अरे, जपून बोल," ताई खुर्चीतून म्हणाली. आवाजात अजून धाप होती, तरी अभिमान लपत नव्हता. "हा माझा भाऊ. ह्यानेच केलंय ते कुलूप."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रूकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "तुम्ही?"

"पेन आहे का तुमच्याकडे?" मी म्हणालो.

त्याने खिशातलं बॉलपेन दिलं. मी ते उघडलं, स्प्रिंग काढली, त्याच्याच पक्कडीने सात वेढे मोजून कापली. एकदा ती उडून पलंगाखाली गेली आणि मिस्त्रीने पोटावर झोपून ती काढून दिली. मी ती भोकात सोडली, वरून स्क्रू लावला, फट जुळवली. मग पेनमधल्या रिफिलने स्क्रूवर आणि पट्टीवर मिळून एक सरळ रेघ ओढली.

"आता दार आपटा," मी म्हणालो. "चाळीस वेळा. जोरात."

तो आपटायला लागला. बाराव्या-तेराव्या वेळी समोरच्या खोलीतल्या आजी बाहेर आल्या. "भावाबहिणीचं भांडण चाललंय का?"

"नाही हो," मिस्त्री म्हणाला, "शास्त्र चाललंय."

चाळीस झाल्यावर आम्ही दोघांनी खाली वाकून पाहिलं. रेघ सरळ होती. त्याने शेजारच्या दाराच्या स्क्रूवर तशीच रेघ ओढली, तेही चाळीस वेळा आपटलं. तिथली रेघ तुटली होती, वरचा तुकडा केसभर सरकलेला. मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही. त्याला ते सोपं नसावं.

"डासांच्या खोलीत हे होतं," तो शेवटी म्हणाला. "आणि कंपनीने घातलं नाही?"

"त्यांना माहीत नव्हतं."

"मग सांगा की त्यांना! माझ्याच हाताखाली ही एक इमारत झाली. गावभर किती असतील." आणि हत्यारं गोळा करून तो खाली व्यवस्थापकाला बोलवायला गेला.

ताईने मला समोर बसवलं. "कारभाऱ्याला कळव रे. तो लगेच करेल. गेल्या वर्षी आला होता तेव्हा म्हणत होता, खोडरबर बोलत नाही माझ्याशी. मी म्हटलं, त्याचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नकोस."

"तो येतो इथे?"

"वर्षातून एकदा येतो. ही कुलपंसुद्धा त्यानेच बसवून दिली. म्हणाला, ताईच्या दाराला आपलंच कुलूप पाहिजे." ती हसली. "तू कागद त्याच्या हातात दिलास ना, म्हणालास नाव तुझं लाव, मला त्यातलं काही नको, तेव्हापासून तो तुला देवमाणूस म्हणतो. सगळ्यांना सांगते मी हे. माझ्या भावाने एवढी मोठी गोष्ट केली आणि नाव मित्राला देऊन टाकलं."

मी तिच्या पलंगावरच्या चादरीची शिवण बघत होतो. अकरा वर्षांपूर्वीच्या पत्रापेक्षा, दुकानातल्या निळ्या खोक्यापेक्षा हे जड होतं. कागद त्याने नेला होता, ते मला माहीत होतं. माझ्या बहिणीसमोर माझ्या तोंडी हे वाक्य घालून त्याने माझी तक्रारसुद्धा नेली होती, हे माहीत नव्हतं. आणि ते वाक्य इतकं माझ्यासारखं होतं, की तिला कधी शंका आली नाही. क्षणभर मलाच वाटलं, मी खरंच म्हणालो होतो की काय?

"ताई, मी दिला नव्हता."

"काय?"

"दोन दिवसांसाठी दिला होता. दाखवायला."

तिने पंप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलास?"

"कागदावर माझं नाव पेन्सिलीत होतं."

"म्हणजे?"

मी सांगितलं. शाई, पेन्सिल, झेरॉक्स, स्प्रिंग. पत्राचंही सांगितलं. ती ऐकत होती, अधूनमधून मान हलवत.

"लहानपणीही असाच. पाटीवर बरोबर उत्तर लिहायचास आणि गुरुजी यायच्या आत पुसायचास." मग ती थांबली. "म्हणजे त्या भोकात काय जातं ते तुला ठाऊक होतं."

"हो."

"त्याने विचारलं होतं."

"हो."

"अकरा वर्षांपूर्वी."

माझी नजर तिच्या हातातल्या पंपावर गेली.

"मी इथे बसून श्वास मोजत होते," ती माझ्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाली. "मनात म्हणत होते, माझ्या भावांचं कुलूप आहे, उघडेल. म्हणजे मला दोघांनी मिळून कोंडलं म्हणायचं."

मी उठलो तेव्हा तिने नेहमीसारखं "पोचल्यावर फोन कर" म्हटलं नाही.

घरी आल्यावर खिसे रिकामे करताना मिस्त्रीचं पेन निघालं. स्प्रिंग नसल्यामुळे रिफिल आतबाहेर होत होतं. अंगठ्याने मागून दाबून धरलं तरच लिहिता येत होतं. मी तेच घेऊन बसलो. पेन्सिल मुद्दाम बायकोकडे दिली.

"कपाटात ठेवू की लपवू?" तिने विचारलं.

"लपव."

पहिली ओळ लिहायला दोन दिवस गेले. आधी 'तू माझं ड्रॉइंग नेलंस' असं लिहिलं. मग 'घेतलंस'. तिसरा शब्द मला माहीत होता. आयुष्यभर पुस्तकं वाचलीत, शब्द न सापडण्याचा प्रश्न नव्हता. वाक्य त्याचं होतं ना, बोटं त्याची होती ना, हा जुना वकील उठून उभा राहत होता. पण वाक्य त्याचं होतं हेही लिहिता येईलच की, असं मला पहिल्यांदा सुचलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मावत होत्या. बायको मागे उभी राहून वाचत होती.

"नेलंस काय? भाजी आहे का ती?" ती म्हणाली.

मी नवा कागद घेतला.

"कारभारी, तू माझं ड्रॉइंग चोरलंस. समोरून स्क्रू फिरवायची कल्पना तुझी होती, बाकी सगळं माझं होतं, आणि ते तुला माहीत आहे. मी ते तुला दिलं असं तू ताईला सांगितलंस, ते खोटं आहे. तिला आता खरं कळलं आहे.

"भोकात स्प्रिंग असते. बॉलपेनातली चालते, सात वेढे. स्क्रू काढ, स्प्रिंग आत सोड, स्क्रू परत लाव, फट जुळव. कुलूप चौकटीतून काढावं लागत नाही. एका दाराला दोन मिनिटं लागतात. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्यामुळे ताई जवळजवळ दोन तास पंपाशिवाय कोंडली गेली. हा दोष माझा. ज्या ज्या दारांना तू हे कुलूप लावलं आहेस, तिथे माणूस पाठव. सुरुवात ताईच्या इमारतीपासून कर. तिथली त्रेसष्ट दारं बाकी आहेत."

खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. अंगठा दाबून दाबून दुखायला लागला होता. आणखी एक प्रत काढून ताईच्या इमारतीच्या व्यवस्थापकाच्या नावाने वेगळ्या पाकिटात घातली; लेखी मिळाल्याशिवाय बाकीच्या दारांना हात लावू द्यायला तो तयार नव्हता. कारभाऱ्यावर पुन्हा विसंबायचं मला कारण नव्हतं. पत्ता त्याच्या जुन्या पत्रावरून उतरवून घेतला.

"उद्या टाका, आता पाऊस आहे," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून स्वतःच छत्री घेऊन आली.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे. मी आधी व्यवस्थापकाचं पाकीट टाकलं. मग दुसरं धरून उभा राहिलो. 'चोरलंस' वर अनुस्वार दिला आहे ना, असं मनात आलं. मागे एक बाई तिचं पत्र घेऊन थांबली होती.

"टाकताय का, काका?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि टाकलं.